टायरवरचा मळ

ती गेली त्या दुपारी मी एका गाडीचं वजन पाऊण किलो कमी भरलं म्हणून चाललेल्या सुनावणीत बसलो होतो. मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर आम्ही तिघे पंच. शर्यत संपली की पुढे आलेल्या गाड्या काट्यावर चढवायच्या, मोजायच्या, आणि काही नियमाबाहेर निघालं तर चालकाला समोर बसवून निकाल द्यायचा, हे आमचं काम. खोली लहान, खिडकी नाही, टेबल खोलीच्या मानाने मोठं. सुनावणीत फोन आत आणायचा नाही असा नियम असल्यामुळे सगळ्यांचे फोन बाहेर कारकुनाच्या टेबलावर एका ट्रेमध्ये ठेवलेले. बोलणं निम्म्यावर आलं असताना कारकून आत आला, अध्यक्षांच्या कानाशी वाकला, काहीतरी बोलला आणि दार हळू लावून गेला. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, पुढे चालू या." मग त्यांनी स्वतःपुढचा पाण्याचा ग्लास टेबलावरून माझ्यासमोर सरकवला. माझ्यासमोर माझा ग्लास होताच, भरलेला. अध्यक्षांना मी फार वर्षं ओळखतो. हा माणूस स्वतःची पेन्सिलसुद्धा दुसऱ्याला देत नाही. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, वकिलीच्या दिवसांतली ती सवय. त्या दिवशी ग्लास सरकवताना त्यांनी माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघितलं. मी ते दोन ग्लास बघितले आणि मला कळलं.

सकाळी मी इस्पितळात बायकोजवळ होतो. तिच्या हृदयाची झडप बदलून आठवडा होत आला होता आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. मी तिच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसलो होतो. ती म्हणाली, "अहो, जा तुम्ही. इथे बसून माझ्याकडे बघत राहता. मी काय काट्यावर चढवलेली गाडी आहे?" मी म्हटलं, दुसरा कुणी पंच मिळेल. ती म्हणाली, "मिळेल, पण तो मिळाला म्हणून तुम्ही दिवसभर माझं डोकं खाल. धाकटी येतेय. जा." धाकटी म्हणजे तिची बहीण. ती आली, डबा टेबलावर ठेवला, मला म्हणाली, "भाऊजी, निघा आता, नाहीतर ताई मला ओरडेल." मी निघालो. जाताना काही विशेष बोलणं झालं नाही. चष्म्याचं घर कुठे आहे असं तिने विचारलं आणि मी ते उशीखालून काढून दिलं. लोक नंतर मला विचारत राहिले, शेवटचं काय बोलली. मी सांगतो, चष्म्याचं विचारलं. त्यांना ते पुरेसं वाटत नाही.

ज्याची गाडी कमी भरली त्या चालकाला ट्रॅकवर सगळे बोका म्हणतात. कितीही आपटला तरी चार पायांवर उभा राहतो म्हणून. शर्यत त्याने जिंकली होती आणि त्या जिंकण्यावर वर्षाचं अजिंक्यपदही त्याचं होत होतं. पुढच्या वर्षी कुणी मोठा संघ त्याला घेईल की तो मामाच्या गॅरेजात परत जाईल, हे त्या एका निकालावर होतं. ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. हलकी गाडी जास्त पळते म्हणून ती ठरलेल्या वजनाखाली नसावी असा नियम, आणि बोक्याची कमी भरायचं कारण असं. शर्यतीत टायर घासून त्यांचा चुरा ट्रॅकच्या कडेला पडत राहतो, रबराच्या बारीक गोळ्या, उंदराच्या लेंड्यांसारख्या. निशाण पडलं, शर्यत संपली, की सगळे चालक सावकाश एक फेरी मारून परत येतात आणि येताना मुद्दाम कडेने, त्या चुऱ्यातून गाडी चालवतात. टायर तापलेले, चिकट. चुरा चिकटतो आणि गाडीचं वजन किलो-दीड किलोने वाढतं. आम्ही त्याला मळ म्हणतो. मळ गोळा करा असं नियमात कुठे लिहिलेलं नाही, करू नका असंही नाही. सगळे संघ गाडी इतकी काठावर हलकी ठेवतात की मळाशिवाय ती काट्यावर पुरी भरणारच नाही, आणि सगळे पंच हे जाणून काट्याकडे बघतात. त्या दिवशी बोका परतीच्या फेरीला निघाला तर पुढच्या वळणावर एक फेरी मागे पडलेला चालक, त्याचा जुना दुश्मन, घसरून कुंपणाला लागलेला आणि गाडीतून धूर येत होता. बोक्याने तिथेच गाडी उभी केली आणि चालत गेला. बोक्याची गाडी मग ट्रकवर चढवून आणली. टायर स्वच्छ. काट्यावर पाऊण किलो कमी.

सुनावणीत अध्यक्षांनी त्या दुसऱ्या चालकालाही बोलावलं होतं. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला होता. अध्यक्षांनी विचारलं, "याने तुम्हाला बाहेर काढलं?" तो म्हणाला, "मी बोलावलं नव्हतं." बोका म्हणाला, "तू बोलावलं नाहीस, पण आईला हाका मारत होतास. मला वाटलं, ती यायच्या आत आपण जावं." तिसऱ्या पंच, पूर्वी स्वतः गाडी चालवणाऱ्या बाई, हसल्या. त्या आधीपासून बोक्याच्या बाजूने होत्या, ताकीद देऊन सोडा म्हणत होत्या. अध्यक्ष म्हणत होते की वजन म्हणजे वजन, काटा कारण विचारत नाही. आज चांगल्या कारणासाठी सोडलं तर पुढच्या शर्यतीला प्रत्येकाकडे चांगलं कारण असेल. ते बोलणंही खोटं नव्हतं. एकेक मत दोन्हीकडे, म्हणजे निकाल माझ्या मतावर. आणि माझ्या मनात एक प्रश्न तयार होता. निकाल लागेपर्यंत पहिल्या पाच गाड्या मोहोर लावून बंद आवारात उभ्या असतात, कुणी हात लावायचा नाही. मला म्हणायचं होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या गाड्यांचे टायर पत्र्याने खरवडून त्या परत काट्यावर चढवा. त्याही कमी भरल्या तर मग शिक्षा कुणाला आणि कशाची, ते बघू. हे करायला फार वेळ लागला नसता. वाक्य तोंडात जुळवून ठेवलं होतं. तेवढ्यात कारकून आत आला.

ग्लासनंतर मी तो प्रश्न विचारला नाही. अध्यक्षांनी माझं मत विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बाद करा." बोका माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, दुकानदार पैसे परत देताना चुकला तर आपण बघतो तसा. त्या पंच बाई म्हणाल्या, "एवढ्या लवकर?" मी सही केली. अध्यक्षांनी केली. सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी दार लावून मला सांगितलं. मी म्हटलं, "बरं." त्यांना वाटलं मला धक्का बसला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवल्यावर काढावा कधी हे त्यांना कळेना. मी ट्रेमधून फोन घेतला. बाहेर बंद आवाराची मोहोर तोडून गाड्या ट्रकवर चढवणं सुरू झालं होतं. एका संघाची माणसं टायर सोडवून ढिगावर टाकत होती, ते टायर भंगारात जातात. मी तिथे उभा राहून ते बघितलं. मग इस्पितळात गेलो.

नंतर कितीतरी दिवस मी एकच गोष्ट घोळवत होतो की मला खरोखर कळलं होतं का. सांगितलं तर कुणी नव्हतं. ग्लासवरून माणसाचं मरण कळत नाही. पण कळलं होतं. मी ते इतकं नेमकं ओळखलं होतं की अध्यक्षांनी तोंड उघडलं तेव्हा ते काय बोलणार यात मला काही नवीन नव्हतं. हात धुताना, भाजी आणायला गेल्यावर रांगेत उभं असताना मी तो क्षण पुन्हा आणायचा प्रयत्न करी. दोन ग्लास, त्यांतल्या पाण्याची पातळी सारखी, टेबलाच्या लाकडावर सरकवल्याची ओली रेघ. त्यात कुठे तिचं नाव नव्हतं. तरी होतं. ती तरुणपणी याच ट्रॅकवर वेळमापक होती, तेव्हा यंत्रं नव्हती, मनोऱ्यावर बसून हातातल्या घड्याळाची कळ दाबून प्रत्येक फेरीची वेळ घ्यायची. माणसं कमी पडली म्हणून एकदा मला तिच्या शेजारी बसवलं. माझ्या सगळ्या वेळा तिच्यापेक्षा कमी येत. ती म्हणाली, "तुम्ही गाडी बघून दाबता. रेषेकडे बघा. गाडी येणारच आहे हो, तिला येऊ द्या की." नवशिक्या वेळमापकाची ही ठरलेली चूक. गाडी दिसली की अंगठा रेषेची वाट बघत नाही. मी तिला विचारलं होतं, पण दिसतेय तर कसं थांबायचं? ती म्हणाली, "दिसत असलं तरी अजून झालेलं नसतं." लग्न त्यानंतर बऱ्याच काळाने ठरलं, पण माझ्या हिशेबी तेव्हाच. आता मला प्रश्न असा पडे की त्या खोलीत मी गाडी बघितली की रेषा. बातमी रेषेवर आली ती सही झाल्यावर. त्याआधी मी जे केलं ते कशाच्या जोरावर केलं. उठून दार उघडून कारकुनाला विचारता आलं असतं. उठलो असतो तर ते खरं झालं असतं. बसलो तोवर नव्हतं. म्हणून बसलो असेन. मग प्रश्न विचारून आणखी वेळ का बसलो नाही, हे मात्र मला सांगता येत नाही. दोन्ही एकदम हवं होतं, बसणं आणि संपवणं.

धाकटी रोज डबा घेऊन येई. नवऱ्याचं, मुलांचं करून येई, दमलेली असे, आणि आल्या आल्या अध्यक्षांना शिव्या देई. तिने इस्पितळातून फोन केला तेव्हा कारकुनाने सांगितलं होतं, साहेब आत आहेत, निरोप देतो. मी पोचलो तोवर ती एकटी त्या खोलीत ताईच्या उशाशी बसून होती. हे ती विसरत नव्हती. "माणूस आहे की दगड? तुमची बायको गेली आणि तो तुमच्याकडून सही करून घेतो? भाऊजी, तुम्ही गरीब गाय म्हणून. मी असते तर त्याच्या डोक्यात ते टेबल घातलं असतं." मी म्हणे, टेबल फार जड आहे. ती म्हणे, "बघा, अजून विनोद सुचतोय तुम्हाला," आणि पदर डोळ्यांना लावी. मी गप्प राही. आमच्या घरात अबोल्याचा एक नियम होता. भांडणानंतर जो आधी बोलेल त्याने चहा करायचा. बायकोला गप्प राहणं जमत नसे. ती तासाभरात काहीतरी बोले, मग स्वतःवरच चिडून चहा टाके, आणि कप माझ्यापुढे आपटून म्हणे, "तुम्ही जिंकत नाही, तुम्ही नुसते बसता." इतकी वर्षं चहा तिनेच केला. मला तो अजून नीट जमत नाही, साखर आधी पडते.

बोक्याने वरच्या लवादाकडे अपील केलं. वजनावरून नाही, त्याच्या वकिलाला कुठूनतरी कळलं होतं की निकालाच्या वेळी एका पंचाची बायको गेलेली होती. त्याचं म्हणणं असं की पंच शुद्धीत नसताना दिलेलं मत धरू नये. लवादाने मला बोलावलं. त्याच आठवड्यात अध्यक्ष घरी आले. धाकटीने दार अर्धं उघडलं आणि आतल्या बाजूला तोंड करून मला म्हणाली, "कुणी नाही, भाऊजी." अध्यक्ष म्हणाले, "बाई, मी इथे उभा आहे." ती म्हणाली, "मग उभे राहा. तुम्हाला दुसऱ्याला थांबवून ठेवायची सवय आहे, आज स्वतः थांबा." आणि दार लावलं. मी चपला घालून मागच्या जिन्याने खाली गेलो. ते गाडीला टेकून उभे होते, हातात फळांची पिशवी.

"ती काही चूक बोलत नाही," ते म्हणाले. "पण त्या वेळी मला वाटलं, वहिनी गेलेल्याच आहेत. अर्ध्या तासाने काय बदलणार? तुम्हाला तसं उठवून पाठवलं असतं तर गाड्या आवारात अडकल्या असत्या, सगळे लटकले असते. आणि तुम्हाला वाटेत गाडी चालवायची होती. मी विचार केला, आधी हे संपवू, मग मी स्वतः घेऊन जाईन."

"तुम्ही नेलं नाही."

"तुम्ही नको म्हणालात."

ते खरं होतं. मी म्हटलं, "लवादापुढे काय सांगू?"

"खरं तेच. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं तर मत शुद्धीत दिलं. निकाल टिकतो. मला थोडं ऐकून घ्यावं लागेल, ते घेईन."

"तुम्ही ग्लास सरकवलात."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "म्हणजे आता पाणीसुद्धा द्यायचं नाही माणसाला?" आणि पिशवी माझ्या हातात देऊन गाडीत बसले. खिडकी खाली करून म्हणाले, "एवढं बारीक नका बघू. काट्यालासुद्धा थोडी सूट असते." त्यांच्या बोलण्यात मला विनवणी ऐकू आली नाही. त्यांना स्वतःची काळजी नव्हती, निकालाची होती. हा माणूस कडक आहे, खोटा नाही.

मी काट्यावर उभा राहून आयुष्य काढलं. चालक मला तराजू म्हणतात, तोंडावर नाही. खोटं बोलणारे मला नेहमी लगेच ओळखू येत. ते आकडा सांगायच्या आधी कारण सांगतात. लवादापुढे जायच्या आदल्या दिवशी मी स्वतःशी उत्तरं बोलून बघितली आणि माझ्या लक्षात आलं की मीही कारणापासून सुरुवात करतो आहे. बायको असती तर कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली असती, आकडा सांगा आधी. हे मी उगाच लिहितो. ती काय म्हणाली असती हे मला ठाऊक नाही. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपण हवं ते घालतो.

लवादाची खोली मोठी होती, गालिचा होता, त्यामुळे खुर्ची ओढल्याचा आवाज येत नव्हता. तिघेही सदस्य अनोळखी. पक्षकार सोडून कुणाला आत घेतलं नव्हतं. बोका मागे बसला होता, कोट त्याला खांद्यात घट्ट होत होता. मधल्या सदस्याने विचारलं, "मत देण्यापूर्वी तुम्हाला पत्नीबद्दल कुणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत होतं."

"कसं?"

"अध्यक्षांनी त्यांचा ग्लास मला दिला."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. सदस्याने मान वर केली. "त्याचा तुमच्या मतावर परिणाम झाला?"

मी म्हटलं, मत तेच दिलं असतं की वेगळं हे मला सांगता येणार नाही आणि कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण एक प्रश्न विचारायचा होता तो मी विचारला नाही, आणि तो विचारला नाही म्हणून बाकीच्या गाड्या पुन्हा काट्यावर गेल्या नाहीत. मग मी मळाबद्दल सांगितलं, सगळ्यांना माहीत असलेलं, कागदावर कधी न आलेलं. मी बोलत असताना अध्यक्ष माझ्या समोर बसले होते. या वेळी ते माझ्या डोळ्यांत बघत होते. माझं झाल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "बातमी मी अडवली, कारकुनाची चूक नाही."

लवादाने आमचा निकाल रद्द केला. पंचापासून बातमी लपवली म्हणून अध्यक्षांना वर्षभर कामावरून दूर केलं. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल माझे आभार मानले. नव्या पंचांपुढे फेरसुनावणी झाली, आणि ती फार लवकर संपली. गाड्या केव्हाच सुट्या होऊन गेल्या होत्या, टायर भंगारात वितळले होते, दुसऱ्या कुणाच्या वजनाबद्दल काही सिद्ध करायला आता काही उरलं नव्हतं. समोर एकच आकडा होता, बोक्याचा, पाऊण किलो कमी. नव्या पंचांनी त्याला बाद केलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दुसरं काही करू शकलो नसतो. बाहेर पायऱ्यांवर बोका भेटला. टाय काढून खिशात कोंबत होता.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही खरं बोललात. माझ्या मामाला सांगितलं तर तो म्हणाला, मग आता ते खरं गाडीला बसव."

मी म्हटलं, "माझ्यामुळे गेलं तुझं."

"तुमच्यामुळे, अध्यक्षांमुळे, त्या रडक्यामुळे. वाटणी केली तर प्रत्येकी पाव किलो येतं." तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "पण एक सांगतो. पुढच्या वेळी कुणी पेटला ना, तर मी आधी टायर मळवून येईन, मग विझवेन." तो हे खरं बोलत होता की नाही ते मला ओळखता आलं नाही. त्याने वाकून बुटाची नाडी बांधली आणि गेला. तो हल्ली गॅरेजात असतो असं ऐकलं. परतीच्या फेरीत मळ गोळा करायला बंदी करावी, किंवा सगळ्यांचे टायर काढून वजन करावं, असं मी शर्यती भरवणाऱ्या मंडळाला कळवलं. त्यांनी विचार चालू आहे म्हणून उत्तर दिलं.

अध्यक्षांना शिक्षा झाल्याचं धाकटीला बातम्यांतून कळलं. बातमीत एवढंच होतं की निकालाच्या वेळी पंचापासून पत्नीच्या निधनाची बातमी दडवण्यात आली. मी आत काय बोललो ते त्यात नव्हतं. त्या दिवशी ती डबा घेऊन आली तेव्हा बरी दिसत होती, पहिल्यांदाच. डबा उघडून माझ्यापुढे वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "झालं एकदाचं. माझ्या जिवाला जरा थंडावा मिळाला. तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही एक क्षण तिथे थांबला नसता, हे मी ताईला तेव्हाच सांगितलं, तिच्या कानाशी बसून. म्हटलं, रागावू नकोस गं, त्यांना कुणी सांगितलंच नाहीये." मी घास चावत होतो. तो गिळायला वेळ लागला. ती म्हणाली, "तिखट झालंय का?" मी म्हटलं, नाही. तिने माझ्या पानात आणखी वाढलं.

अध्यक्ष अधूनमधून फोन करतात, तब्येतीची चौकशी करतात. मागच्या महिन्यात इकडे आले होते तर खालूनच परत गेले, कारण जिन्यात धाकटीच्या चपला दिसल्या. तिने त्यांना या घराचं दार बंद केलं आहे आणि त्यांनी ते मान्य केलं आहे, एका शब्दाने मला त्यात ओढलेलं नाही. धाकटी रोज येते. मला त्या खोलीत कळलं होतं आणि तरी मी बसून राहिलो, हे तिला सांगायचं राहिलं आहे.